कृष्णवर्णीय मुलग्यांसोबत काम करायचं तर: अमेरिकेतल्या शिक्षक, प्रशिक्षक आणि स्वयंसेवकांसाठी

अमेरिकेत सरकारी शाळांत शिकवणारी, शनिवारी मुलांचा संघ खेळवणारी, वाचनालयात गणिताची शिकवणी घेणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय मुलगे येतात आणि बहुतेकांना कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. दहा-बारा मुलग्यांचा गट वर्षभर कसा चालवायचा, शाळेने मुलाला सस्पेंड करून घरी पाठवलं तर काय करायचं, मन बिघडल्याची खूण कशी ओळखायची, हे त्यात येईल.

असे बहुतेक उपक्रम पहिल्याच दिवशी चुकतात, कारण ते मुलाला 'सुधारायला' निघालेले असतात. मुलगा बिघडलेला नसतो. त्याच्यावर एकाच वेळी दोन ओझी असतात. दहा वर्षांचा असतानाच जग त्याला अंगापिंडाने वाढलेला, धोकादायक पुरुष समजायला लागतं. आणि खरोखर पुरुष झाल्यावर तेच जग त्याला पुरुषाचा मान द्यायला तयार नसतं. म्हणून कामही दोन बाजूंनी करावं लागतं. त्याचं लहानपण त्याला जगू द्यायचं, आणि मोठं होण्याचे एकापेक्षा जास्त रस्ते त्याच्यासमोर ठेवायचे.

आधी आपली नजर तपासा

२०१४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी छापलेल्या एका अभ्यासात लोकांना मुलांचे फोटो दाखवून वय विचारलं होतं. गुन्ह्याचा संशय असलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं वय लोकांनी सरासरी साडेचार वर्षांनी जास्त सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंडच्या एका बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळणाऱ्या बारा वर्षांच्या टमिर राइसला पोलिसाने गोळी घातली, आणि वायरलेसवर त्याचं वय 'वीस असेल' असं सांगितलं गेलं.

हे पोलिसांपुरतंच असतं तर गोष्ट वेगळी होती. २०१६ साली येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बालवाडीच्या शिक्षकांना व्हिडिओ दाखवले आणि 'त्रासदायक वागणं दिसतंय का बघा' असं सांगितलं. व्हिडिओत तसं वागणं मुळात नव्हतंच. तरी शिक्षकांची नजर सगळ्यात जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलग्यावर होती, आणि यात कृष्णवर्णीय शिक्षकही होते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१३-१४ च्या आकडेवारीप्रमाणे सरकारी बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं शेकडा १९ होती, पण शाळेने घरी पाठवलेल्या मुलांत ती शेकडा ४७ होती. तीन-चार वर्षांची मुलं, हं.

म्हणून पहिलं काम वहीचं. दोन आठवडे रोज पाच मिनिटं द्या. प्रत्येक रागावण्याची नोंद चार रकान्यांत करा: मुलाचं नाव, वेळ, त्याने नेमकं काय केलं, आणि तुम्ही काय केलंत. तिसऱ्या रकान्यात फक्त कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. 'उद्धटपणा केला', 'ॲटिट्यूड दाखवला', 'ऐकलं नाही' हे शब्द तिथे चालणार नाहीत. 'दोनदा सांगूनही हुडी डोक्यावरून काढली नाही' हे चालेल. दोन आठवड्यांनी वही काढून बघा की त्याच कारणासाठी दुसऱ्या मुलांना काय मिळालं. फरक दिसला की कारणं शोधत बसू नका, तिसऱ्या आठवड्यापासून वागणं बदला. शिक्षा करण्याआधी एक प्रश्न विचारायचा, 'काय झालं?'. एवढ्यानेच बरीच प्रकरणं तिथल्या तिथे मिटतात.

दुसरं काम घरातलं. आपल्या जेवणाच्या टेबलावर 'त्या काळ्यांच्या एरियात जाऊ नको', 'तो काळू' ही वाक्यं सहज निघतात, आणि मराठी कुणाला कळत नाही असा समज असतो. आपल्याच मुलांना ती कळतात आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत जातात. गोरेपणाचं वेड घरात जपून बाहेर कृष्णवर्णीय मुलाला आत्मसन्मान शिकवायला जाणं हा ढोंगीपणा आहे, आणि मुलांना तो पटकन कळतो.

आणखी एक सावधगिरी. मोठ्या मुलाला किंवा माणसाला इंग्रजीत 'बॉय' म्हणून हाक मारू नका. गुलामगिरीत आणि नंतरही पन्नाशीच्या कृष्णवर्णीय पुरुषाला गोरे लोक असंच हाकारत. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिसला कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले. त्यानंतर सुमारे १३०० कामगार संपावर गेले आणि गळ्यात 'आय ॲम अ मॅन' एवढेच शब्द असलेले फलक अडकवून रस्त्यावर चालले. पगार आणि युनियनची मागणी होतीच, पण फलकावर त्यांनी हे वाक्य लिहिलं. तुमच्या गटातल्या एखाद्या मुलाचे आजोबा त्याच काळात वाढले असतील.

बाप नाही, असं गृहीत धरू नका

कृष्णवर्णीय घरात बाप नसतो, हे अमेरिकेतलं फार जुनं पालुपद आहे. रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुलांसोबत राहणाऱ्या बापांना विचारलं होतं की लहान मुलाला रोज आंघोळ घालणं, कपडे करणं, लंगोट बदलणं कोण करतं. कृष्णवर्णीय बापांपैकी शेकडा ७० जण हे रोज करत होते, गोऱ्या बापांपैकी शेकडा ६०. वेगळ्या घरात राहणारे बाप जास्त आहेत हे खरं, पण वेगळं राहणं म्हणजे बेपत्ता असणं नव्हे.

यातून निघणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. नोंदणीच्या अर्जावर पालकांच्या दोन फोन नंबरांची जागा ठेवा आणि दोन्हींवर निरोप पाठवा. पालकसभा एकदा संध्याकाळी सात वाजता आणि एकदा शनिवारी सकाळी घ्या, कारण पाळीत काम करणाऱ्याला दुपारी तीन वाजता येता येत नाही. बापाला बोलवाल तेव्हा पहिला फोन तक्रारीचा नसावा. मुलाबद्दलची एक नेमकी चांगली गोष्ट सांगायला फोन करा आणि दोन मिनिटांत ठेवा. आजोबा, मामा, मोठा भाऊ, चर्चमधले काका, बास्केटबॉलचे कोच यांचीही यादी करा. मुलाच्या आयुष्यात पुरुष आधीपासून असतात, आपल्याला फक्त ते माहीत नसतात.

लहान मुलग्यांना, म्हणजे साधारण पाच ते दहा वर्षांच्या, वेगळा कार्यक्रम लागत नाही. रडला तर 'रडू नको, मर्द आहेस ना' हे वाक्य गिळायचं. राग सोडून भावनांची आणखी सहा-सात नावं त्याला द्यायची: घाबरलो, लाज वाटली, एकटं वाटलं, हेवा वाटला, दमलो, दुखावलो. कृष्णवर्णीय घरांतले काही मोठे मुलाला मुद्दाम कडक करतात, कारण बाहेरचं जग त्याच्याशी मऊ वागणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना अडाणी समजू नका. त्यांची भीती खरी आहे. घर ही कडकपणा काढून ठेवायची जागा असू शकते, एवढंच त्यांच्याशी बोलायचं.

गट कसा बांधायचा

शिकागोत २००१ च्या सुमाराला सुरू झालेला 'बिकमिंग अ मॅन' हा मुलग्यांच्या गटांचा उपक्रम आणि ओकलंडच्या शाळा-विभागाने २०१० पासून चालवलेले कृष्णवर्णीय मुलग्यांचे वर्ग ही दोन या कामातली सगळ्यात नीट तपासलेली उदाहरणं. ओकलंडमध्ये हा शाळेच्या वेळापत्रकातलाच एक विषय असतो आणि तो कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक शिकवतात. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०१९ साली मांडलेल्या निष्कर्षाप्रमाणे हा वर्ग असलेल्या शाळांत कृष्णवर्णीय मुलग्यांची गळती शेकडा ४३ ने कमी झाली. पुढची मांडणी या दोन्हींतून घेतलेली आहे, स्वयंसेवकाला झेपेल एवढी.

मुलं आठ ते बारा. आठच्या खाली गेलात तर दोन जण गैरहजर असले की गट पडतो. बाराच्या वर गेलात तर बोलायची पाळी येईपर्यंत तास संपतो. वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक नको. गटात फक्त 'वाया गेलेली' मुलं भरू नका. मुख्याध्यापक नेमकी तीच यादी तुमच्या हातात देतील. नम्रपणे परत करा. अभ्यासात पुढे असलेले, मधले आणि मागे पडलेले असे साधारण सारखे मुलगे घ्या. नाहीतर पहिल्याच आठवड्यात मुलांना कळतं की हा शिक्षेचा वर्ग आहे, आणि मग तिथे बसणं हीच बेइज्जती होते.

वेळ आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, सप्टेंबर ते मे. शक्यतो शाळेच्या वेळेत घ्या. शाळा सुटल्यावर मुलांना धाकट्या भावंडांना आणायचं असतं, नोकरी असते, खेळाचा सराव असतो. तोच वार, तीच खोली, खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नको. खायला काहीतरी हवंच, तेही सुरुवातीला. उपाशी पोरगा मन मोकळं करत नाही.

गट चालवणारे दोन जण हवेत, आणि त्यांतला मुख्य माणूस कृष्णवर्णीय पुरुष असावा यासाठी जीव तोडून प्रयत्न करा. अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांत कृष्णवर्णीय पुरुष शेकडा दोनपेक्षाही कमी आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली आलेल्या अभ्यासात तिसरी ते पाचवीत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक किंवा शिक्षिका मिळालेल्या अतिशय गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांत शाळा सोडण्याचं प्रमाण शेकडा ३९ ने कमी आढळलं. एक शिक्षक, एक वर्ष. तुम्ही भारतीय असाल तर तुमची जागा दुसऱ्या खुर्चीत. तिथून खोली मिळवणं, परवानग्या, खाणं, निधी, कॉलेजचे अर्ज अशी पुष्कळ कामं होतात. जोडीदार मिळवायचा तर जवळचं कृष्णवर्णीय चर्च, १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या '१०० ब्लॅक मेन' या कृष्णवर्णीय पुरुषांच्या संस्थेची स्थानिक शाखा, किंवा १९०६ सालच्या अल्फा फाय अल्फासारख्या, कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनांचे जुने सभासद, यांच्याकडे जा. ऑगस्टमध्ये नको, एप्रिल-मेमध्येच.

पहिल्या दिवशी गुप्ततेचा नियम सांगा, आणि त्याची मर्यादाही त्याच दमात सांगा: खोलीतलं खोलीत राहील, पण कुणी तुला इजा करत असेल, तू स्वतःला इजा करणार असशील किंवा दुसऱ्याला करणार असशील, तर मला ते सांगावंच लागेल. मुलाचा छळ होत असल्याची शंका आली तर ती कळवायचं बहुतेक राज्यांत शिक्षकांवर आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांवर कायद्याचं बंधन आहे. हे नंतर सांगितलंत तर मुलाला तो दगा वाटतो.

एका तासाची बैठक

तासाभराची वाटणी साधारण अशी ठेवा:

१. पाच-सात मिनिटं येणं, खाणं, हात मिळवणं. प्रत्येक मुलाचा हात, त्याच्या पद्धतीने. 'डॅप'ची, म्हणजे मुलांच्या त्या खास हात मिळवण्याची, नक्कल जमत नसेल तर साधा हात मिळवा. ओढूनताणून केलेलं हास्यास्पद दिसतं.

२. बारा-पंधरा मिनिटं हालहवाल. शिकागोत यासाठी चार बाजू वापरतात: शरीर, बुद्धी, भावना आणि अध्यात्म. प्रत्येकाने चारांवर एकेक वाक्य बोलायचं. सुरुवात मोठ्या माणसाने करायची आणि खरं बोलायचं. 'रात्री आईच्या तब्येतीच्या काळजीने झोप लागली नाही' असं तुम्ही बोललात, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात एखादा मुलगा तसंच काही बोलेल. कुणी 'पास' म्हटलं तर पास.

३. पंचवीस मिनिटं एक कृती आणि तिच्यावर बोलणं.

४. उरलेल्या वेळात एका शब्दात निरोप. पुढच्या आठवड्याबद्दल काही ठरवलं असेल तर ते वहीत लिहायचं आणि पुढच्या वेळी विचारायचं. विचारायला विसरलात तर लिहूच नका.

कृतींमध्ये 'मूठ' सगळ्यात प्रसिद्ध. मुलांच्या जोड्या लावा. एकाच्या हातात चेंडू द्या. दुसऱ्याला सांगा, 'तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून चेंडू काढ.' बाकी काहीही सांगायचं नाही. खोलीत झटापट सुरू होते, बोटं पिरगाळली जातात, कुणी जमिनीवर लोळतो. मग भूमिका बदलून पुन्हा तीस सेकंद. त्यानंतर सगळे बसले की शांतपणे विचारायचं, 'कुणी नुसता मागितला का?' जवळजवळ कधीच कुणी मागितलेला नसतो. पहिलं उत्तर येतं, 'मागितला असता तर त्याने दिला नसता', 'मला बावळट समजला असता'. मग मूठ मिटणाऱ्याकडे वळायचं: 'त्याने नीट मागितला असता तर काय केलं असतंस?' बरेच जण खांदे उडवून सांगतात, 'दिला असता. चेंडूच तर आहे.'

इथे मोठ्या माणसाची जीभ घसरते. तो लगेच 'बघा, मारामारी वाईट' असं प्रवचन सुरू करतो आणि कमावलेलं घालवतो. कारण मुलाला माहीत असलेली गोष्ट त्याला माहीत नसते. शिकागोच्या काही भागांत रस्त्यात कुणी फोन मागितला आणि मुकाट दिला, तर उद्या बूट मागतील आणि परवा जॅकेट. तिथे लगेच उलटं फिरणं हा शहाणपणा असू शकतो. तीच सवय वर्गात शिक्षकाने 'खाली बस' म्हटल्यावर उसळली की मुलगा घरी पाठवला जातो. म्हणून प्रश्न असा विचारायचा: 'आता तू कुठे आहेस? समोरचा खरोखर काय मागतोय? ही जागा मुठीची आहे की मागण्याची?' प्रतिक्रिया आणि कृती यांच्यात दोन सेकंदांची फट पाडणं एवढंच या खेळाचं काम.

शिकागो विद्यापीठाने चिठ्ठ्या टाकून मुलं निवडून केलेल्या 'बिकमिंग अ मॅन'च्या दोन चाचण्यांत, उपक्रम चालू असताना मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका शेकडा ४५ ते ५० ने घटल्या. उपक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम टिकला नाही. एक सत्र घेऊन फोटो काढून निघून जाणाऱ्या संस्थांनी हे दुसरं वाक्य फळ्यावर लिहून ठेवावं.

या कृतीत चुकतं ते बहुतेक जोड्या लावताना. अंगाने फार फरक असलेले, आधीपासून भांडण असलेले किंवा वेगवेगळ्या टोळ्यांच्या गल्लीतले मुलगे समोरासमोर आणू नका. मुलं एकमेकांना चार-पाच आठवडे ओळखू लागल्याशिवाय हा खेळ घेऊ नका. आणि चेंडू मऊ असावा.

दुसरी कृती कागदाची. एका पानावर मुलांनी लिहायचं: 'खरा मर्द' म्हटलं की काय आठवतं. दुसऱ्या पानावर एका खऱ्या माणसाचं नाव: रात्री दोन वाजता अडचणीत असलो तर मी कुणाला फोन करीन, आणि का. दोन्ही पानं शेजारी ठेवा. पहिल्यावर साधारण पैसा, ताकद, न घाबरणं, मुली; दुसऱ्यावर 'उचलतो', 'ओरडत नाही', 'गाडी घेऊन येतो'. फरक तुम्ही सांगू नका, मुलांना वाचू द्या. पानं जपून ठेवा, मे महिन्यात परत द्यायची आहेत.

पोलिसांविषयीचं बोलणं

कृष्णवर्णीय घरांत मुलगा मोठा होऊ लागला की आई-बाप त्याला बसवून पोलिसांनी अडवल्यावर कसं वागायचं ते सांगतात. याला सरळ 'द टॉक' म्हणतात. हात दिसतील असे ठेव, गाडीत असशील तर स्टीअरिंगवर. कागद काढण्याआधी कुठे हात घालतोयस ते सांग. पळू नको, अचानक हलू नको, वाद घालू नको. 'मी जाऊ शकतो का?' असं विचार. झडती घ्यायची म्हणाले तर 'माझी संमती नाही' एवढं शांतपणे बोल, पण अडवू नको. बिल्ल्याचा नंबर लक्षात ठेव. तक्रार नंतर करू, आधी घरी ये.

हे बोलायचा हक्क घरच्यांचा आणि कृष्णवर्णीय पुरुषांचा. भारतीय स्वयंसेवकाने ते माहीत करून घ्यावं, आणि 'काही केलं नसेल तर घाबरायचं काय?' हे वाक्य आयुष्यात उच्चारू नये. मात्र एका गोष्टीत तुम्ही मदत करू शकता. जीव वाचवायचे नियम ऐकून मुलगा अनेकदा वेगळाच अर्थ घेऊन उठतो, की माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणून नियमांनंतर दुसरा अर्धा भाग हवा: हे तुझ्या चुकीमुळे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक हॉवर्ड स्टीव्हन्सन यासाठी पाच पायऱ्या शिकवतात. काय वाटतंय त्याला नाव देऊन एक ते दहात किती ते मोजायचं, शरीरात कुठे जाणवतंय ते शोधायचं, मनात कोणतं वाक्य किंवा चित्र येतंय ते बघायचं, श्वास घ्यायचा, सोडायचा. 'राग, आठ, छातीत, मला चोर समजले.' मुलांना हे पाठ होईपर्यंत करून घ्या, कारण वेळ आली की नवं काही सुचत नाही.

शाळेने घरी पाठवलं तर

मराठी पालक शाळेपुढे सहसा मान तुकवतात. इथे तसं करू नका, आणि मुलाच्या पालकांनाही करू देऊ नका. गॉस विरुद्ध लोपेझ या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकारी शाळेला मुलाला दहा दिवसांपर्यंत घरी पाठवायचं असलं तरी आधी आरोप सांगावा लागतो, त्याने नाकारला तर पुरावा सांगावा लागतो, आणि त्याची बाजू ऐकावी लागते. धोका तातडीचा असेल तर हे नंतर होऊ शकतं, टाळता येत नाही.

पालकांनी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना ईमेल करावी. तोंडी बोलणं झालं असलं तरी लेखी हवंच. त्यात विचारायचं: आचारसंहितेतलं नेमकं कोणतं कलम मोडलं, कुणी पाहिलं, कॅमेऱ्याचं चित्रण आहे का, असेल तर ते पुसलं जाऊ नये, या प्रकरणातल्या दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली, घरी असताना अभ्यास कसा मिळणार, परत आल्यावर कोण भेटणार. मुलाने त्याच संध्याकाळी आपल्या शब्दांत घटना लिहून तारीख घालावी, आठवण ताजी असते. शाळेतली सगळी नोंद बघायची मागणीही करा. विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या 'फर्पा' या कायद्याप्रमाणे शाळेला ती ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते.

मुलाला विशेष शिक्षणाचा आराखडा, म्हणजे 'आयईपी', असेल तर दिवस मोजा. घरी पाठवणं सलग दहा शाळेच्या दिवसांपुढे गेलं, किंवा तुकड्यातुकड्यांनी तसा प्रकार होत असेल, तर निर्णयापासून शाळेच्या दहा दिवसांत बैठक घेऊन हे वागणं त्याच्या अपंगत्वातून आलं का ते ठरवावं लागतं. 'आज लवकर घेऊन जा' असे फोन वारंवार येत असतील तर तेही तारखेसकट लिहून ठेवा. कागदावर न येणारी ही घरी पाठवणी मोजणीतून निसटते.

न्हाव्याचं दुकान

कृष्णवर्णीय पुरुष जिथे न लाजता बोलतात अशी जुनी जागा म्हणजे न्हाव्याचं दुकान. लॉस एंजेलिसमधल्या ५२ दुकानांत ३१९ पुरुषांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन रक्तदाबाची औषधं देत होते. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना नुसता न्हाव्याने सल्ला दिला त्यांचा ९ अंकांनी. 'कन्फेस प्रोजेक्ट' ही २०१६ साली आर्कान्सामध्ये सुरू झालेली संस्था न्हाव्यांना मनाच्या दुखण्यांबद्दल ऐकायला शिकवते.

गटासाठी दुकान वापरायचं असेल तर आधी मालकाला भेटा, मंगळवार-बुधवारी दुपारी. शनिवारी पत्रकं घेऊन उभं राहिलात तर धंद्याच्या वेळेत अडथळा होतो आणि तुम्ही परके ठरता. पदवीदानाआधी किंवा शाळेचे फोटो काढायच्या आठवड्यात सगळ्या मुलांच्या केशकर्तनाचा खर्च उचला. कापणाऱ्याला पूर्ण पैसे द्या, 'समाजकार्य' म्हणून फुकट मागू नका.

मन बिघडल्याची खूण

मुलग्यांत नैराश्य अनेकदा रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, पोटदुखी, डोकेदुखी, झोपेचे उलटेसुलटे तास, आवडता खेळ सोडणं, बेफिकीर धोका पत्करणं अशा रूपांत ते येतं. कृष्णवर्णीय मुलग्याच्या बाबतीत याच खुणांना शाळा शिस्तीचा प्रश्न समजते आणि समुपदेशकाऐवजी शिक्षा मिळते. २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात पाच ते बारा वयाच्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचं प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं. 'आपल्यात असं होत नाही' हा समज त्या समाजातही होता, म्हणून हा आकडा घरच्यांना सांगावा लागतो.

शंका आली तर आडवळणाने विचारू नका. 'तुला मरावंसं वाटतंय का?' असं थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात जात नाही, दार उघडतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि शाळेच्या समुपदेशकाला त्याच दिवशी कळवा. ९८८ या संकटकाळच्या मदतीच्या नंबरावर देशभरातून कधीही फोन किंवा संदेश करता येतो. घरात बंदूक आहे का, ती गोळ्यांपासून वेगळी आणि कुलपात आहे का, हे पालकांना विचारा. अमेरिकेत हा प्रश्न विचारायला आपण कचरतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मुली, संमती, आणि गटातला गे मुलगा

'तुझ्या बहिणीशी कुणी असं वागलं तर?' हा आपला आवडता युक्तिवाद टाकून द्या. त्यातून मुलगा एवढंच शिकतो की बाई कुणाची तरी असते. संमतीबद्दल प्रसंग देऊन बोला: तिने संदेशाला उत्तर दिलं नाही, ती नशेत आहे, आधी हो म्हणून आता गप्प आहे. प्रत्येकात काय करशील? शिकागोच्या उपक्रमात स्त्रियांविषयी आदर हे सहा मूल्यांपैकी एक आहे, शेवटच्या तासाला उरकायचा धडा नव्हे.

बारा मुलांत एखादा गे असेल, आणि बहुधा तो कुणाला सांगणार नाही. म्हणून 'गे' हा शब्द शिवी म्हणून आला की दर वेळी, एकाच वाक्यात थांबवा: 'इथे ते चालत नाही', आणि पुढे चला. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचा मुख्य संयोजक बेयर्ड रस्टिन गे होता आणि त्यामुळे चळवळीतल्याच लोकांनी त्याला मागे ठेवलं होतं, हे मुलांना सांगा.

इतिहास सांगताना आपल्याकडचा एक दुवा कामाला येतो. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते १९६६ साली ओकलंडमध्ये सुरू झालेल्या ब्लॅक पँथरवरून. मुलांना हे ऐकून नवल वाटतं. पण ज्याच्या घराला जातीचा चटका कधी बसला नाही त्याने 'आम्हीही हेच भोगलंय' असं म्हणू नये.

थांबायचं कसं

२००२ साली आलेल्या एका अभ्यासात एका मोठ्या माणसाशी जोडून दिलेल्या मुलांची तुलना केली होती. नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं तिथे फायदा सगळ्यात जास्त. तीन महिन्यांच्या आत तुटलं तिथे मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षाही खाली गेला. त्यामुळे वर्षभराची खात्री नसेल तर मुलाशी जोडूच नका. व्हिसाचं, नोकरीचं, बाळंतपणाचं काही ठरत असेल तर कागदाच्या, निधीच्या, गाडी चालवायच्या कामाला लागा. तिथेही माणसं कमीच असतात.

जायची वेळ आलीच तर सहा आठवडे आधी गटाला सांगा, कारणासकट. ती बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका. तुमच्या जागी येणारा माणूस निदान तीन बैठका तुमच्याबरोबर बसला पाहिजे. मुलांचे फोन नंबर, पालकांच्या सोयीच्या वेळा, कुणाची आयईपीची तारीख कधी, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे सगळं एका वहीत लिहून त्याच्या हातात द्या. 'रात्री दोन वाजता कुणाला फोन करीन' ती पानं शेवटच्या बैठकीत ज्याची त्याला परत द्या, आणि नाव बदलायचं असेल तर बदलू द्या.